कोणतंही बटण दाबा

मला वाट पाहता येत नाही. कुकरची शेवटची शिट्टी व्हायच्या आत मी गॅसजवळ जाऊन उभा राहतो आणि एसटी फलाटाला लागायच्या आधीच तिच्यामागे पळत सुटतो. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. तिचं खोटं नाही. आणि अशा माणसाने पोट कशावर भरावं? तर अमरावतीच्या एका कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवण्यावर, म्हणजे अर्धा दिवस पडद्यावरची पट्टी इकडून तिकडे भरत जाताना बघत बसण्यावर. पट्टी भरते तोवर मी वर्गाला चार चकरा मारतो, खिडक्या उघडतो, लावतो, एखाद्या पोरावर उगाच खेकसतो. पोरं मागून काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधला एक शनिवार मात्र माझ्या या स्वभावाला चांगलाच पुरून उरला. त्या दिवशी मी अकोल्यात सासऱ्यांच्या दुकानात होतो.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींचं जुन्या शहरात लग्नपत्रिकांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. गिऱ्हाइकाने कागदावर नावं लिहून आणायची, मामाजींनी मजकूर जुळवायचा, भोवती वेलबुट्टी घालायची आणि छपाई दोन गल्ल्या सोडून असलेल्या प्रेसमध्ये. त्यांनी केलेली पत्रिका जुन्या शहरात लोक लांबून ओळखतात. पिंपळपानांची एक वेल त्यांनी स्वतः माउसने एकेक पान काढून केली होती. ती वेल आपल्याच पत्रिकेवर हवी म्हणून आमच्या समाजातली माणसं पार बाळापूर-पातूरहून यायची. सासूबाई होत्या तोवर प्रूफ त्याच वाचायच्या. भाजी निवडता निवडता मोठ्याने वाचायच्या आणि चुकीच्या नावाशी आल्या की हातातली शेंग तशीच धरून थांबायच्या. त्या आदल्या वर्षीच्या दिवाळीआधी गेल्या. तेव्हापासून मामाजी पत्रिका स्वतःच वाचत, मनातल्या मनात.

या माणसाचा एक कायदा होता. जावयाने सासुरवाडीत इकडची काडी तिकडे करायची नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कूलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलली, तर ती त्यांनी भर गल्लीत माझ्या हातातून ओढून घेतली. "लोक काय म्हनतीन, जवाई पान्याले लावला!" त्यानंतर मी त्या घरात बसून खाण्यापलीकडे काही केलं नाही. मी कॉम्प्युटर शिकवतो हे सगळ्या जुन्या शहराला ठाऊक, पण दुकानातला कॉम्प्युटर बिघडला की मामाजी बाहेरून माणूस बोलवायचे. मी शेजारी बसून चहा प्यायचो आणि तो माणूस काय काय चुकीचं करतोय ते बघत राहायचो. असा छळ कोणाच्या वाट्याला येऊ नये.

त्या मार्चमध्ये तो कॉम्प्युटर कायमचा गेला. व्होल्टेज वरखाली झालं, आतून जळका वास आला, पडदा काळा पडला. बाहेरच्या माणसाने आतल्या फाइली तेवढ्या पेनड्राइव्हवर काढून दिल्या आणि हात जोडले. माझी साळी, म्हणजे मामाजींची धाकटी लेक, तिने नवा लॅपटॉप आणून दिला. पण नव्या लॅपटॉपवर मामाजींचं पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर चढेना आणि त्यांच्या फाइली उघडेनात. एखादी उघडलीच तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. जुन्या मराठी फॉन्टचं तसंच असतं. आत सगळी इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा अंगरखा. अंगरखा गेला की उघडं पडतं.

आणि नेमकं त्याच धाकटीचं लग्न ठरलेलं. मुलगा भातकुलीचा, मे महिन्यातली तारीख. मामाजींनी अर्ध्या जुन्या शहराच्या पत्रिका केल्या, थोरलीची म्हणजे आमची केली, आणि आता धाकटीची राहिली होती. ती झाली की दुकान बंद करायचं, हे त्यांनी सासूबाई गेल्या तेव्हाच ठरवून टाकलं होतं. नव्या पद्धतीने टाइप करायला त्यांची बोटं तयार नव्हती. तीस-पस्तीस वर्षं ज्या कीबोर्डच्या मांडणीवर हात बसला होता ती मांडणी जुन्याच फॉन्टमध्ये होती. मुलाचे वडील भला माणूस. त्यांनी फोनवर सांगितलं, "बुवा, तुमी कायले तरास घेता? आमी अमरावतीले टाकून देतो पत्रिका, एका दिवसात होते." मामाजी म्हणाले, रविवारी या, नमुना तयार असंन. फोन ठेवला आणि जिन्यात बसून राहिले. धाकटीने हे सगळं माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोने मला.

मी म्हटलं, यात काय आहे? हे तर मी दर वर्षी पोरांकडून करून घेतो.

ते खरंही होतं. लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला लॅपटॉपच्या मेमरीतला आणि डिस्कमधला एक तुकडा काढून द्यायचा आणि त्यात जुनी विंडोज टाकायची. त्या खोट्या कॉम्प्युटरला कळतच नाही की आपण खोटे आहोत. त्यात मामाजींचं जुनं सॉफ्टवेअर चालेल, जुने फॉन्ट चालतील, पिंपळाची वेलही येईल. लागेल ती फक्त जुन्या विंडोजची सीडी. ती मामाजींनी धाकटीकरवी अमरावतीला पाठवली. मळक्या पाकिटात, वर चिकटवलेल्या परवान्याच्या नंबरासकट जपून ठेवलेली.

आता सीडी बसवायला हल्लीच्या लॅपटॉपला खाचच नसते. कॉलेजच्या अडगळीत एक जुना ड्राइव्ह सापडला. त्यात सीडी घालून मी तिची आयएसओ फाइल करायला लावली, म्हणजे अख्खी चकती जशीच्या तशी एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची. सीडीवर ओरखडे होते. ड्राइव्ह घरघरायचा, थांबायचा, पुन्हा घरघरायचा. मी उठायचो, व्हरांड्यात जायचो, परत यायचो. पट्टी जिथल्या तिथे. दोनदा ती शेवटाशी येऊन पडली. तिसऱ्यांदा मी सीडी चष्मा पुसायच्या कापडाने पुसली, ड्राइव्हवर हात ठेवून शिव्या घातल्या आणि फाइल झाली.

"घेऊन जा, पण ते तुमाले हात लावू देनार नाईत," बायकोने निघताना बजावलं.

"हात लावू देणार नाहीत म्हणजे काय? त्यांच्याच पोरीचं काम आहे."

"म्हनूनच तं."

शनिवारी सकाळच्या गाडीने निघालो. बडनेऱ्याला गाडी थांबली, मूर्तिजापूरला थांबली, बोरगावच्या अलीकडे रस्त्याचं काम होतं तिथे तर इंजिन बंद करून थांबली. मी खिडकीतून डोकं काढून कंडक्टरला विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, "साहेब, गाडी तुमच्या डोक्यानं नाई चालत." आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो, पण डोक्यात हिशेब चालूच होता. दुपारपर्यंत विंडोज, चारपर्यंत सॉफ्टवेअर आणि फॉन्ट, संध्याकाळी पत्रिका, रविवारी पाहुणे. सगळं बसत होतं, मध्ये कोणी तडमडलं नाही तर.

दुकानात पाऊल टाकलं आणि तडमडायला सुरुवात झाली. आधी पाणी, मग गूळ, मग चहा. मी पिशवीतून आयएसओ फाइलचा पेनड्राइव्ह काढला, तर मामाजींनी तो हातातून घेऊन टेबलावर ठेवला. "आंघोय करा, जेवा, जरा पडा. मंग पाहू."

"मामाजी, उद्या पाहुणे येऊन राहिले."

"येतीन ना. त्याईचेही सोपस्कार करू. पन जावयानं आल्या आल्या कामाले हात लावनं बरं दिसते का?"

धाकटी जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, भाऊजी काम नाई करून राहिले, त्याईले खेळाचंच हाय." ही पोरगी माझ्यापेक्षा शहाणी. मामाजींनी क्षणभर विचार केला. खेळायला कायद्याची आडकाठी नव्हती. ते खुर्चीवरून उठले, पण शेजारीच स्टूल ओढून बसले.

मी लॅपटॉप उघडला. खोट्या कॉम्प्युटरला मेमरी दिली, डिस्क दिली आणि त्याच्या खोट्या सीडी ड्राइव्हला ती आयएसओ फाइल जोडली. मामाजी चष्मा वर-खाली करत बघत होते.

"म्हंजे हा कॉम्प्युटर या कॉम्प्युटराच्या पोटात?"

"हो."

"अन त्याले माईत नाई, का आपन दुसऱ्याच्या घरात राहून राहिलो?"

"नाही. त्याला वाटतं सगळं घर आपलंच आहे."

"बरं हाय बिचाऱ्याचं," मामाजी म्हणाले.

मशीन सुरू केलं. निळा पडदा आला, इंग्रजीत प्रश्न आले. मी फटाफट बटणं दाबत गेलो. हे मान्य, ते मान्य, डिस्क कोरी आहे, ती आखून घे, पुसून घे. मामाजी माझी बोटं बघत होते आणि ओठ हलवत होते. मग पिवळी पट्टी आली आणि फाइली उतरायला लागल्या. मी टेबलावर बोटांनी ताल धरला.

"जेवन झालं," वरून धाकटीचा आवाज आला.

"हे होऊ द्या, मग—"

"जावईबापू, पातोडीचा रस्सा गरमच खाल्ला पाह्यजे." मामाजी उभेच राहिले. "मी बसतो इथं. पाहत राहतो."

मला भूक लागली होती आणि पट्टी बघून डोकं भणभणायला लागलं होतं. मी उठता उठता म्हणालो, "फक्त लक्ष ठेवा. काही विचारलं तर ते म्हणेल तसं करा, नाहीतर मला हाक मारा." हे वाक्य मी चप्पल शोधता शोधता बोललो.

वर पातोडीचा रस्सा, भाकरी, ठेचा, आंब्याचं पन्हं. धाकटी वाढत होती आणि मी बकाबका खात होतो. ती म्हणाली, भाऊजी, दम घ्या. मी म्हटलं, दम नंतर घेतो. हात धुऊन खाली आलो. निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी. निम्म्याहूनही कमी भरलेली.

"अजून हेच?"

"हेच चालू हाय," मामाजी म्हणाले. ते ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

मला वाटलं, लॅपटॉप मंद आहे. तेवढ्यात मामाजींनी दुपारी पडायचं फर्मान काढलं. मी नाही म्हटलं, त्यांनी नाही ऐकलं. वर कूलरसमोर गादी घातलेली होती. मी गादीवर पडलो आणि छताकडे बघत राहिलो. कूलर घरघरत होता. मला झोप येत नव्हती. मुलाचे वडील अमरावतीच्या कोणत्या प्रेसला फोन करतील ते दिसत होतं. गुळगुळीत कार्ड, सोनेरी अक्षरं, आत सगळीकडे सारखीच फुलं. आणि गल्लीतले लोक ते कार्ड हातात घेऊन मामाजींना विचारतील, "काहून जी, पोरीचीच पत्रिका भाईरून?" दिव्याखाली अंधार म्हणतील, अजून काय. मी उठून बसलो, आडवा झालो, पुन्हा उठून बसलो. अखेर जिना उतरलो.

पिवळी पट्टी. आता तर मघापेक्षाही कमी.

मी हादरलो. पट्टी मागे कशी जाईल? नक्की आयएसओ फाइल खराब. त्या ओरखड्यांनी घात केला. मी मशीन बंद केलं, मेमरी वाढवून दिली, डिस्कही नवी कोरी दिली, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तीच बटणं, तेच प्रश्न. मामाजी पुन्हा बघत होते. पट्टी निघाली आणि नेमका दुकानातला फोन वाजला. मुलाचे वडील. मामाजींनी फोन कानाला लावला आणि बसल्या जागीच जरा सावरून बसले, जसं काही ते गृहस्थ समोर आलेत.

"हो जी... नाई, नाई, होऊन राहिलं ना... जवाईच करून राह्यले." मग एकदम घाईने, "म्हंजे बसले हायेत. मीच करून राहिलो."

फोन ठेवून ते म्हणाले, "उद्या अकराले येतात. त्याईनं अमरावतीले बोलून ठेवलं हाय. आपलं नाई झालं, तं तिथं."

मला तिथे बसवेना. गच्चीवर गेलो. पत्रे तापले होते. अमरावतीच्या सहकाऱ्याला फोन लावला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, दुसरी आयएसओ कर. मी म्हटलं, सीडी अमरावतीत, ड्राइव्ह अमरावतीत, मी इथे. तो म्हणाला, मग गाडी पकड. मी खरोखरच घड्याळ बघितलं. आत्ता निघालो तर संध्याकाळी पोचेन, फाइल करेन, पहाटे परत येईन. वेडेपणा होता, पण नुसतं बसण्यापेक्षा तो मला सोपा वाटत होता. खाली येऊन पिशवी उचलायची म्हणून उतरलो.

निळा पडदा. पिवळी पट्टी नुकतीच निघालेली.

पण मी पिशवी उचलली नाही. काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघू, म्हणून मामाजींच्या शेजारी स्टूलवर बसलो. बसलो म्हणजे एक पाय हलवत बसलो. पट्टी हळूहळू भरत गेली, अगदी व्यवस्थित. कुठे अडली नाही. शंभर टक्के झाली. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ उमटली. सीडीवरून सुरू करायचं असेल तर कोणतंही बटण दाबा.

तिथे काहीही करायचं नसतं. हात मागे घ्यायचा. ती ओळ आपोआप जाते आणि पुढचं काम डिस्कवरून सुरू होतं. बटण दाबलं तर मशीन बिचारं पुन्हा सीडीपाशी जातं आणि सगळं पहिल्यापासून मांडतं. पहिल्या वेळी डिस्क कोरी असते म्हणून ते हे विचारतच नाही. त्यामुळे मामाजींना मी हे सांगितलंच नव्हतं.

मामाजींनी चष्मा सारखा केला. ओळ वाचली. उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि लांब पट्टीसारखं मधलं बटण हलकेच, अदबीने दाबलं. निळा पडदा आला. मग मी दाबली होती तीच बटणं, त्याच क्रमाने, एकही न चुकता. हे मान्य, ते मान्य, आखून घे, पुसून घे. आणि हात परत मांडीवर.

"मामाजी!" मी ओरडलोच.

ते दचकले. "काय झालं?"

"हे तुम्ही दर वेळी दाबलं?"

"त्यानं सांगतलं ना, कोनतंही बटन दाबा." ते माझ्याकडे बघत होते. "तुमीच म्हनले होते, तो म्हनते तसं करा."

"पण मला हाक का नाही मारली?"

"तुमी जेवत होते. मंग पडले होते. जावयाले ताटावरून उठवाचं का एवढ्याशासाठी?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "सारखंच विचारून राहिलं होतं. मले वाटलं, मशीन नवं हाय, दर डाव परवानगी घेते. म्या दर डाव देली."

मला काय वाटलं ते सांगतो. आधी राग आला, इतका की मी उठून दुकानाच्या दारापर्यंत गेलो. तिथून त्यांच्याकडे बघितलं. भर दुपारी, स्वतःची झोप सोडून, एक पंचाहत्तरीला आलेला माणूस काळ्या पडद्यावर ओळ कधी येते याची टक लावून वाट बघत होता, ती हुकू नये म्हणून पाणी प्यायलाही उठला नव्हता. मी सगळी दुपार ज्या कामाला वैतागून पळत होतो ते काम हा माणूस ताठ बसून करत होता आणि तेच त्याच्या मुळावर येत होतं. मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही.

"चुकलं का माह्यं?" मामाजींनी विचारलं.

"नाही. माझं चुकलं. आता फक्त एक करायचं. त्याने काहीही सांगितलं तरी दाबायचं नाही."

"अन राग आला त्याले तं?"

"येऊ द्या."

आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. पट्टी भरली. काळा पडदा आला, ती ओळ आली. मामाजींनी हात काखेत घातले. ओळ गेली. एक श्वास जाईल एवढा वेळ काहीच नव्हतं, आणि मग जुन्या विंडोजचा तो निळा-हिरवा रंग पडद्यावर पसरला. मामाजींनी हलक्या आवाजात "अरे बाप्पा" म्हटलं. मी लगेच ती आयएसओ मशीनच्या ड्राइव्हमधून काढून टाकली, म्हणजे पुन्हा कोणी काही विचारायला नको.

पुढचं सगळं भराभर झालं. वहीत उतरवून आणलेला परवान्याचा नंबर घातला, जुनं सॉफ्टवेअर चढवलं, पेनड्राइव्हवरचे फॉन्ट एका खेपेत टाकले. बाहेर उन्हं उतरली होती. गल्लीत पाणी मारल्याचा वास येत होता, समोरचा सायकलवाला पंप बाहेर काढून बसला होता. धाकटी चहा घेऊन खाली आली आणि कप हातात तसेच धरून आमच्यामागे उभी राहिली. मी मामाजींच्या फाइली उघडल्या आणि त्यांना विचारलं, कोणती?

"थोरलीची उघडा," ते म्हणाले. "तिच्यावरूनच करतो."

आमची पत्रिका उघडली. सगळी अक्षरं अंगरखा घालून जागच्या जागी, भोवती पिंपळपानांची वेल, वर बुद्धमूर्तीचं चित्र, खाली माझं नाव, बायकोचं नाव. धाकटी मागून म्हणाली, "माय वं." मी खुर्चीवरून उठलो. मामाजी बसले.

आणि त्यांची बोटं चालायला लागली. मी आजवर त्यांना हळू बोलताना, हळू चालताना, हळू जेवताना पाहिलं होतं. हा माणूस टाइप करताना मला दिसलाच नव्हता, कारण मी आलो की ते काम बंद करून माझ्या सरबराईला लागायचे. माझं नाव गेलं, भातकुलीच्या मुलाचं आलं. बायकोचं नाव गेलं, धाकटीचं आलं. तारीख, वेळ, स्थळ. पडद्याकडे बघत होते, कीबोर्डकडे एकदाही नाही. एक पान वेलीतून जरा सरकलं होतं, ते माउसने उचलून परत लावलं. धाकटीने चहा टेबलावर ठेवला, तो त्यांना दिसलाही नाही. पाहुणे आता अकराला येवोत की पहाटे, पत्रिका होणार होती.

मग ते थांबले.

ओळ मुलीच्या आईवडिलांची होती. आमच्या पत्रिकांमध्ये जिवंत माणसाच्या नावाआधी 'आयु.' लिहितात, आयुष्मान किंवा आयुष्मती. गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित'. आमच्या लग्नाच्या वेळी सासूबाई होत्या. त्यांच्या नावाआधी 'आयु.' होतं आणि पुढे 'ज्येष्ठ कन्या'. मामाजींनी 'ज्येष्ठ' काढून 'कनिष्ठ' केलं. मग कर्सर मागे नेत नेत त्या 'आयु.'पाशी आणला. तो तिथे उघडझाप करत राहिला.

मला वाटलं, मशीन अडकलं. मी वाकून बघितलं. मशीन ठीक होतं. मामाजींची बोटं कीबोर्डवर जागच्या जागी होती, दाबायच्या बेतात, आणि दाबली जात नव्हती.

"हा शब्द म्या किती लोकाईसाठी मारला असंन, त्याचा हिशेब नाई," ते म्हणाले. "कधी पाह्यलं पन नाई त्याच्याकडे." थोड्या वेळाने त्यांनी हात मांडीवर घेतले. "आज नाई चालून राहिले बोटं."

धाकटी तोंडाला ओढणी लावून जिन्याकडे गेली.

मामाजी खुर्चीवरून उठले. बाजूला झाले. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्यांनी मला काम सांगितलं.

"जावईबापू, तेवढं तुमी करा."

मी बसलो. ते 'आयु.' मला खोडावं लागलं. पाच टिचक्या आणि ते गेलं. पुढे मला काही सुचेना, कारण त्यांच्या कीबोर्डची मांडणी मला येत नव्हती. पोरांना कॉम्प्युटर शिकवतो, पण माझं मराठी टायपिंग फोनवरचं. मी बटणांवरून बोट फिरवत राहिलो. मामाजी माझ्यामागे, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी वळून न बघता सांगायला सुरुवात केली.

"डी दाबा... के... वाय. पुन्हा डी." मी दाबलं. पडद्यावर 'कालक' आलं. "आता वेलांटी आधी लागते, अक्षर मंग. एफ. हां. आता शिफ्ट धरून एफ... के... अन आर."

शब्द पुरा झाला. त्याच्यापुढे सासूबाईंचं नाव होतंच, जुनं, तेव्हा त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून बरोबर ठरवलेलं. दोन्ही जवळ जवळ आले. मधली जागा जरा जास्त वाटत होती, ती मी कमी केली नाही.

"झालं?"

"झालं."

"बरोबर दिसते?"

मी ती ओळ वाचली. मोठ्याने वाचायला हवी होती, पण मनातल्या मनातच वाचली. "बरोबर आहे," मी म्हटलं.

"मंग सेव्ह करा."

ते बटण मला ठाऊक होतं. डोळे मिटून दाबता येतं, दिवसातून शंभरदा दाबतो. मी बोट त्यावर ठेवलं आणि ते तसंच राहिलं. मला वाट पाहता येत नाही असं मी आयुष्यभर समजत आलो होतो. मामाजी काही वेळ माझ्यामागे थांबले. मग वळले, माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, माझं बोट अलगद बाजूला सारलं आणि ते बटण स्वतः दाबलं.